टपावरून भांडण

गाड्यांच्या शौकिनांना भांडायला विषय लागत नाही, निमित्त पुरतं. मॅन्युअल गिअर की ऑटोमॅटिक, पेट्रोल की वीज, जर्मन की जपानी... यादी मोठी आहे. पण सगळ्यांत जुनं आणि चिवट भांडण कुठलं म्हणाल, तर ते टपाचं. एखादी झकास, बंद टपाची स्पोर्ट्स कार येते. सगळे तिला डोक्यावर घेतात. आणि दोन-चार महिन्यांत कंपनी तीच गाडी उघड्या टपाची करून पुढे आणते. झालं! कालपर्यंत एका सुरात गाणारी मंडळी दोन तंबूंत जाऊन बसतात. एक तंबू म्हणतो, "आता मजा आली." दुसरा म्हणतो, "नासवली गाडी."

मी पेशाने संगणकवाला आहे, गाडीवाला नाही. पण गेली अनेक वर्षं डेट्रॉइटच्या आसपास राहतोय. इथे गाड्यांबद्दल मत नसलेला माणूस म्हणजे पुण्यात वाहतुकीबद्दल मत नसलेला माणूस. असतो म्हणे, पण मला अजून भेटलेला नाही. त्यामुळे ऐकून ऐकून माझंही एक मत झालंय, आणि या वीकांताला ते मांडायचं ठरवलंय. मत असं की या भांडणात जो मुद्दा सगळ्यांत मोठ्याने मांडला जातो तो सगळ्यांत कच्चा असतो, आणि जो पक्का असतो तो लाजत लाजत मांडला जातो.

हवेत बोलण्यापेक्षा एक उदाहरण घेऊ. शेवरोलेची कॉर्व्हेट.

(शेवरोले म्हटलं की आपल्याकडे बीट आणि स्पार्क आठवतात. पुण्याजवळ तळेगावला कंपनीचा कारखाना होता. २०१७ च्या अखेरीस तिने भारतात गाड्या विकणं थांबवलं, आणि २०२० च्या डिसेंबरात तळेगावचं उत्पादनही थांबलं. कॉर्व्हेट त्याच घरातली, पण वेगळ्या जातकुळीची मुलगी. ती आपल्याकडे कधी आलीच नाही.)

तर १८ जुलै २०१९ ला कॅलिफोर्नियातल्या टस्टिन इथे आठव्या पिढीची कॉर्व्हेट लोकांसमोर आली. तिला सगळे सी-८ म्हणतात. १९५३ पासून कॉर्व्हेटचं इंजिन पुढे, बॉनेटखाली असायचं. सी-८ मध्ये ते पहिल्यांदा चालकाच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या पुढे आलं. फेरारी-लॅम्बोर्गिनीसारखं. ६.२ लिटरचं व्ही-८, ४९० अश्वशक्ती, आणि सुरुवातीची किंमत ५९,९९५ डॉलर. फेरारीच्या किमतीच्या पासंगालाही न पुरणारी. लोक वेडे झाले नसते तरच नवल.

त्यानंतर अडीच महिन्यांनी, २ ऑक्टोबर २०१९ ला, फ्लोरिडातल्या केनेडी स्पेस सेंटरवर दोन गाड्या एकदम दाखवल्या गेल्या. एक शर्यतीची, सी-८.आर. आणि दुसरी कन्व्हर्टिबल. कन्व्हर्टिबलचा टप कापडी नव्हता, कडक होता. दोन तुकड्यांचा, सहा विजेच्या मोटरींवर चालणारा, १६ सेकंदांत दुमडून मागे गडप होणारा. ताशी ३० मैलांपर्यंत, म्हणजे साधारण ४८ किलोमीटरपर्यंत, गाडी चालू असतानाही उघडता-मिटता येणारा. कॉर्व्हेटच्या इतिहासात दुमडणारा कडक टप आला तो हा पहिलाच. किंमत ७,५०० डॉलरने जास्त. वजन पन्नास किलोंहून कमीनेच जास्त. (गाडी प्रत्यक्ष बनायला लागायला मात्र २०२० चा ऑगस्ट उजाडला. आधी कामगारांचा संप, मग करोना.)

पुण्यातल्या एका मित्राला मी हे कौतुकाने सांगितलं तर तो म्हणाला, "सोळा सेकंद? अरे, आपल्या वळवाच्या सरीला तेवढ्यात सीट भिजवून, गल्ली ओलांडून पलीकडच्यांना भिजवता येतं!" त्याचंही बरोबर आहे म्हणा. :-)

इथल्या शौकिनांच्या प्रतिक्रिया मात्र ठरलेल्या वळणाने आल्या. मी ऐकलेल्या एकत्र केल्या तर ढोबळपणे चार गठ्ठे होतात. पहिला: टप कापला की गाडीची ताकद गेली, वजन वाढलं, ही काही खरी स्पोर्ट्स कार राहिली नाही. दुसरा: ही आता गोल्फ खेळणाऱ्या निवृत्त मंडळींची गाडी झाली. तिसरा: इंजिन दिसत नाही हो आता! आणि चौथा: वा, किती सुंदर, कधी मिळेल? चौथ्या गठ्ठ्यातले लोक भांडत नाहीत. ते जाऊन नंबर लावतात. त्यामुळे त्यांचा आवाज कमी आणि पावत्या जास्त असतात. उरलेले तीन एकेक करून बघू.

पहिला गठ्ठा तांत्रिक आहे, म्हणून आधी तोच. त्यामागचं भौतिकशास्त्र शंभर टक्के खरं आहे. कॅलेंडर ठेवायची पुठ्ठ्याची नळी घ्या. दोन्ही टोकं धरून टॉवेल पिळतो तशी पिळायचा प्रयत्न करा. ढिम्म हलणार नाही. आता सुरीने तिला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक उभी चीर द्या आणि पुन्हा पिळा. पुठ्ठा तेवढाच, वजन तेवढंच, पण नळी जिलबीसारखी वळते. पातळ भिंतींची बंद नळी आणि चीर दिलेली नळी यांच्या पिळाला होणाऱ्या विरोधात शेकडो पटींचा फरक पडतो. मिठाईचा खोका झाकणासकट आणि झाकणाशिवाय हातात धरून बघा, तोच अनुभव येईल.

गाडीचा सांगाडाही असाच एक खोका. टप हे त्याचं झाकण. झाकण काढलं की एक चाक खड्ड्यात आणि तीन रस्त्यावर अशा वेळी गाडी पिळली जाते. समोरची काच आणि डॅशबोर्ड थरथरतात, दारं किरकिरतात, आणि स्टीअरिंगला दिलेली आज्ञा चाकापर्यंत पोचता पोचता थोडी मऊ होते. मग कंपनी खालून पट्ट्या जोडते, उंबरठे जाड करते, वजन वाढतं, आणि शौकिनांच्या कपाळाला आठ्या पडतात. या आठ्या अनुभवातून आलेल्या आहेत. कॉर्व्हेटमध्येच हे घडलेलं आहे. १९८४ ची चौथी पिढी आली ती बंद गाडी म्हणून (टपाचा मधला तुकडा तेवढा निघायचा). दोन वर्षांनी, १९८६ मध्ये, तिची कन्व्हर्टिबल करताना अभियंत्यांना खाली इंग्रजी एक्सच्या आकाराची भक्कम पट्टी आणि इतर टेकू द्यावे लागले.

पण इथेच खरी मेख आहे. टेकू द्यावे लागले, कारण गाडी आधी बनली आणि उघडा टप नंतर सुचला.

आमच्या धंद्यातल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. जुन्या प्रणालीत नंतर युनिकोड घुसवणं ज्याने केलंय तो जाणतो. प्रत्येक अक्षर एका बाइटचं, असं गृहीत धरून लाखो ओळी लिहिलेल्या असतात. मग कुणाला तरी आठवतं की जगात देवनागरीही आहे. मग इथे ठिगळ, तिथे ठिगळ, आणि 'क्ष'च्या जागी चौकोनी डबे. दोष देवनागरीचा नसतो, दोष "नंतर बघू"चा असतो. तीच प्रणाली पहिल्या दिवसापासून युनिकोड धरून लिहिली तर देवनागरी फुकटात मिळते. तारखांचं आणि देशोदेशींच्या वेळांचंही तेच. जे पायात घातलं ते स्वस्त पडतं, जे माळ्यावर चढवलं ते महाग पडतं.

कॉर्व्हेटवाल्यांनी हा धडा चौथ्या पिढीतच घेतला. १९९७ ची पाचवी पिढी आखताना उघडी गाडी हीच मूळ धरली. दोन्ही बाजूंना अखंड घडवलेल्या पोलादी तुळया आणि मधोमध एक बंद बोगदा, असा कणा केला. ताकद तळाशी आली, टपावरची भिस्त संपली. १९९८ मध्ये कन्व्हर्टिबल आली ती जादा टेकूंशिवाय. वर आणखी डिकीही! कॉर्व्हेटच्या कन्व्हर्टिबलला बाहेरून उघडणारी डिकी १९६२ नंतर तेव्हा पहिल्यांदा मिळाली. फेरारीने २०११ मध्ये ४५८ स्पायडर केली तेव्हा दुमडणारा कडक टप नेहमीच्या कापडी टपाच्या व्यवस्थेपेक्षा २५ किलोंनी हलका असल्याचं सांगितलं. मॅक्लारेनने २०१२ मध्ये आपली १२-सी उघडी केली तेव्हा वजन जेमतेम ४० किलोंनी वाढलं, कारण कार्बन फायबरचा टब मुळातच टपावर अवलंबून नव्हता.

आणि सी-८? तिच्या 'बंद' म्हणवल्या जाणाऱ्या कूपेचाही टप मुळी पक्का नाहीच. मधला तुकडा काढून मागच्या डिकीत ठेवता येतो. म्हणजे सांगाडा पहिल्यापासून "डोक्यावर झाकण नाही" असं धरूनच बनवलाय. ताकद मधल्या बोगद्याच्या कण्यात आहे. कन्व्हर्टिबलमध्ये स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर तेवढे नव्या वजनाप्रमाणे जुळवून घेतले. जे किलो वाढले ते टपाच्या यंत्रणेचे. ते उंचावर आहेत आणि मागे आहेत, हे खरंच. शर्यतीच्या ट्रॅकवर घड्याळ लावून बसणाऱ्याला ते जाणवतील. पण "टप कापला की गाडी ढिली" हे वाक्य इथे लागूच पडत नाही. कापायला होतंच काय?

तरीही हे वाक्य २०१९ मध्ये जोरात म्हटलं गेलं, आणि पुढची कुठलीही उघडी गाडी आली की पुन्हा म्हटलं जाईल. कारण ते आता निरीक्षण राहिलेलं नाही, म्हण झालंय. म्हणीला पुरावा लागत नाही.

या तांत्रिक मुद्द्याला जोडूनच एक भावनिक मुद्दा येतो: "मूळ गाडी" बंद असते आणि कन्व्हर्टिबल ही तिची बिघडवलेली प्रत. कॉर्व्हेटच्या बाबतीत हे म्हणणं म्हणजे आजोबांना नातवाची नक्कल म्हणण्यासारखं आहे. १९५३ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात पहिली कॉर्व्हेट दाखवली गेली ती उघडी होती. त्या वर्षी मिशिगनमधल्या फ्लिंट गावी ३०० गाड्या बनल्या. सगळ्या पांढऱ्या, सगळ्यांना आतून लाल रंग, आणि सगळ्या उघड्या. दाराला बाहेरून मूठ नाही, खिडकीला काच नाही. इंजिन सहा सिलिंडरचं, आणि गिअर? दोन गिअरचा ऑटोमॅटिक! सी-८ ला मॅन्युअल गिअर नाही म्हणून "ही कॉर्व्हेटच नव्हे" असं म्हणणाऱ्यांनी हा तपशील जरूर उशाशी घेऊन झोपावं.

बंद कॉर्व्हेट आली तब्बल दहा वर्षांनी, १९६३ मध्ये. म्हणजे त्या काळी 'नवीन प्रकार' कूपे हा होता. तिची गोष्ट शौकिनांच्या प्रतिक्रियांवर प्रबंध लिहावा अशी आहे. मागची काच दोन भागांत, मधोमध एक उभी पट्टी. डिझाइनचे प्रमुख बिल मिचेल यांचा त्या पट्टीवर भारी जीव. कॉर्व्हेटला खरी शर्यतीची धार देणारे अभियंते झोरा आर्कस-डंटोव्ह यांचा तिला ठाम विरोध, कारण आरशात मागचं नीट दिसेना. टीका इतकी झाली की १९६४ ला पट्टी गेली. काही मालकांनी तर १९६३ च्या आपल्या गाडीची पट्टी कापून टाकून पुढच्या वर्षीची अखंड काच बसवून घेतली. आणि आज? जुन्या कॉर्व्हेट जमवणाऱ्यांच्या स्वप्नात येते ती हीच १९६३ ची दुभंगलेल्या काचेची कूपे. ज्यांनी पट्टी कापली त्यांनी आपल्याच गाडीची किंमत करवतीने कापली. शौकिनाची पहिली प्रतिक्रिया आणि इतिहासाचा निकाल यांत किती अंतर पडू शकतं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

विक्रीचे आकडेही मजेशीर आहेत. १९६३ मध्ये १०,५९४ कूपे आणि १०,९१९ कन्व्हर्टिबल. जवळजवळ बरोबरी. १९६८ मध्ये ९,९३६ कूपे आणि १८,६३० कन्व्हर्टिबल. पण १९६९ मध्ये पारडं फिरलं: २२,१२९ विरुद्ध १६,६३३. त्यानंतर उघडी गाडी घसरतच गेली. एअरकंडिशनर आला, महामार्गांवरचा वेग वाढला. शिवाय गाडी उलटल्यावरच्या सुरक्षेचे कडक नियम येऊन उघड्या गाड्यांवर बंदीच येईल, अशी हवा झाली. १९७५ मध्ये जेमतेम ४,६२९ कन्व्हर्टिबल बनल्या आणि खेळ संपला. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीची कॅडिलॅक एल्डोराडो 'शेवटची अमेरिकन कन्व्हर्टिबल' म्हणून विकली गेली. लोकांनी ठेव म्हणून घेऊन ठेवल्या. ती बंदी काही आली नाही. ऐंशीच्या दशकात कन्व्हर्टिबल परत आल्या, कॅडिलॅकनेही १९८४ मध्ये परत आणली, आणि 'शेवटची' म्हणून घेतलेले काही ग्राहक चिडून कोर्टात गेले. पुन्हा तीच गंमत. रस्त्यावर गाडी नव्हती तोवर तिच्यासाठी हळहळ, आणि परत आल्यावर राग!

आता दुसरा गठ्ठा: ही निवृत्तांची, गोल्फवाल्यांची गाडी. हे खरंय की टप उघडल्यावरही सी-८ च्या मागच्या डिकीत गोल्फची पिशवी राहते, आणि कंपनी ते अभिमानाने सांगते. हेही खरंय की कॉर्व्हेट घेणाऱ्यांत पांढऱ्या केसांचं प्रमाण भरपूर आहे. पण यात टीका नेमकी कुणावर आहे? गाडीवर तर नाही. टीका आहे ती गाडीत बसणाऱ्यावर. ब्रिटनमध्ये माझदाच्या छोट्या एमएक्स-५ ला 'न्हाव्याची गाडी' म्हणून वर्षानुवर्षं हिणवलं गेलं. १९८९ मध्ये आलेल्या त्या गाडीचा आकडा २०१६ मध्ये दहा लाखांवर गेला. चालवायला जगातल्या सगळ्यांत आनंददायी गाड्यांची यादी केली तर ती गाडी पहिल्या काही नावांत असते, आणि ती जन्मापासून उघडी आहे. हिणवणाऱ्यांना गाडी चालवण्याबद्दल काही म्हणायचंच नव्हतं. "ती ज्यांना आवडते त्यांच्यात मला मोजू नका" एवढंच म्हणायचं होतं.

आपल्याकडे हा प्रकार अनोळखी नाही. ख्यालगायकाने मैफलीत नाट्यपद घेतलं की नाक मुरडणारे कानसेन आपण पाहिलेत. "पब्लिकसाठी गातोय" म्हणतात. पण त्या पदासाठी थांबलेल्या पब्लिकच्या तिकिटांवरच आधीचा तासाभराचा विलंबित ख्याल उभा असतो, हे ते सोयीस्कर विसरतात. गाडीचंही तसंच. केंटकीतल्या बोलिंग ग्रीनच्या एकाच कारखान्यातून सगळ्या कॉर्व्हेट बाहेर पडतात. नव्या सांगाड्याचा, नव्या इंजिनाचा खर्च जितक्या जास्त गाड्यांवर वाटला जाईल तितका तो झेपतो. ८,६०० फेऱ्यांपर्यंत किंचाळणारं, ६७० अश्वशक्तीचं इंजिन घेऊन झेड-०६ आली ती २०२१ मध्ये. ट्रॅकवाल्यांनी तिला देवघरात बसवली. त्या इंजिनाचा खर्च उचलणाऱ्यांत गोल्फवाले आजोबाही आहेत. त्यांना नावं ठेवण्याआधी एकदा हात जोडावेत.

राहिला तिसरा गठ्ठा: इंजिन दिसत नाही. आणि माझ्या मते हाच एक मुद्दा खराखुरा वजनदार आहे.

बघा ना. डंटोव्ह साहेबांनी इंजिन मध्यभागी आणायचं स्वप्न साठीच्या दशकापासून पाहिलं, प्रायोगिक गाड्या केल्या. १९९६ मध्ये ते गेले तेव्हाही कारखान्यातून निघणाऱ्या कॉर्व्हेटचं इंजिन पुढेच होतं. एवढ्या प्रतीक्षेनंतर ते मधे आलं, आणि कूपेत मागच्या काचेखाली ते दागिन्यासारखं मांडून ठेवलंय. गाडी उभी करून जाताना माणूस वळून बघतो ते याच्यासाठी. कन्व्हर्टिबलमध्ये या काचेच्या जागी झाकण आलं. येणारच. इंजिन पाठीमागे असलेल्या गाडीत दुमडलेला टप ठेवायला इंजिनाच्या डोक्याखेरीज जागाच नाही. ४५८ स्पायडरलाही नेमकी हीच किंमत मोजावी लागली. इथे चलाखीने सुटणारी अडचण नाही, सरळ सौदा आहे: आकाश हवं की इंजिन?

पण गंमत अशी की हा मुद्दा मांडताना लोक संकोचतात. "इंजिन बघायला आवडतं" हे म्हणणं बालिश वाटतं बहुतेक. मग ते मनातलं दुःख वजन, ताठपणा, लॅप टाइम अशा आकड्यांचे कपडे घालून बाहेर येतं. इतर इंजिनिअरांना हे ओळखीचं वाटेल. एखादी रचना आवडलेली नसते, पण "मला ही कुरूप वाटते" असं बैठकीत म्हणायची सोय नसते. मग आपण वेगाचा मुद्दा काढतो. कुणी तरी मोजून दाखवतं की वेगात फरक नाही. मग सुरक्षिततेचा काढतो. समोरचा एकेक मुद्दा खोडत जातो आणि मूळचा, कदाचित अगदी रास्त असलेला आक्षेप शेवटपर्यंत टेबलावर येतच नाही. वाद आपण हरतो, आणि चुकीच्या जागी हरतो.

मला काळजी वाटते ती याची. शौकीन हे कुठल्याही वस्तूचे मुकादम असतात. सामान्य ग्राहकाला जे दोन वर्षांनी कळतं ते त्यांना दोन मिनिटांत कळतं. कंपन्या त्यांचं ऐकतात, निदान ऐकल्यासारखं करतात. पण दर वेळी टपावरून कोल्हेकुई केली की खरा लांडगा येतो तेव्हा कुणी वळून बघत नाही. सी-८ मध्ये खरोखर काही गेलं असेल तर तो मॅन्युअल गिअर. क्लचचं तिसरं पेडल पूर्णच गेलं, कूपेतूनही आणि कन्व्हर्टिबलमधूनही. कारणं व्यवहारी होती: घेणारे कमी झाले होते, आणि थोड्या गाड्यांसाठी नवा गिअरबॉक्स घडवणं परवडणारं नव्हतं. पण त्यामुळे माणूस आणि यंत्र यांच्यातला एक धागा तुटला, आणि तो पुन्हा जोडला जाईल असं वाटत नाही. त्या धाग्यासाठी रडणाऱ्यांबरोबर मीही आहे.

आणि म्हणूनच मला कन्व्हर्टिबलवरचा राग कळत नाही. माणूस आणि यंत्र यांच्यातला धागाच हवा ना? मग तो मिळतो कुठे ते बघा. आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे पाचव्या पिढीची कन्व्हर्टिबल आहे. एकदा ऑगस्टमध्ये त्यांनी मला वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर फिरवून आणलं. (या रस्त्यावर १९९५ पासून ऑगस्टमधल्या तिसऱ्या शनिवारी जुन्या-नव्या गाड्यांची जत्रा भरते. आम्ही गेलो ते एका साध्या संध्याकाळी.) वेग फार तर ४०-४५ मैल. बंद गाडीत त्या वेगाला झोप येते. इथे बाजूच्या भिंतीवरून परत येणारा एक्झॉस्टचा आवाज, नुकत्याच कापलेल्या गवताचा वास, पुलाखालून जाताना अचानक लागणारा गारवा, सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या पोराने काढलेला फोटो. आजोबा अख्ख्या फेरीत तीनच वाक्यं बोलले असतील. बोलायची गरज नव्हती.

ट्रॅकवरचा अर्धा सेकंद शोधायला ट्रॅकवर जावं लागतं, आणि बहुतेक कॉर्व्हेट जन्मात ट्रॅक बघत नाहीत. कायद्याच्या वेगात, रोजच्या रस्त्यावर, गाडी 'जाणवावी' असं वाटत असेल तर टप उघडणं हा सगळ्यांत सोपा उपाय आहे. गिअरचा दांडा गेला म्हणून हळहळणाऱ्यांनी तर सगळ्यांत आधी रांगेत उभं राहायला हवं होतं.

आपल्याकडच्या जीपचं बघा. कापडी हूड गुंडाळून ठेवलेली महिंद्राची जीप घाटात, शेतात, मंत्र्यासंत्र्यांच्या मिरवणुकीत आपण पिढ्यान् पिढ्या बघत आलो. "टप नाही म्हणजे ही खरी जीप नव्हे" असं कुणी म्हटल्याचं आठवतंय? उलट तिला पत्र्याचा टप बसवला की लोक म्हणायचे, "मेटॅडोर केली की राव!" म्हणजे 'खरं' काय ते गाडीत नसतं, आपण ती पहिल्यांदा कशी पाहिली त्यात असतं. ज्याने कॉर्व्हेट पहिल्यांदा पोस्टरवर बंद टपाची पाहिली त्याची खरी कॉर्व्हेट बंद. ज्याने १९५३ मध्ये पाहिली त्याची उघडी. दोघांचंही प्रेम खरं, फक्त दोघांनीही त्याला अभियांत्रिकी म्हणू नये.

मला स्वतःला कुठली हवी? खिशाचा प्रश्न बाजूला ठेवून (तो ठेवल्याशिवाय हा लेख लिहिताच येत नाही) सांगायचं तर, कूपे. मला इंजिन बघायला आवडतं. सकाळी कॉफीचा कप घेऊन नुसतं मागे उभं राहून बघायला. कारण बालिश आहे, पण माझं आहे. त्यात किलो नाहीत, सेकंद नाहीत. आणि तुम्ही आकाशासाठी जादा पैसे देणार असाल तर तुमचंही कारण तितकंच पक्कं आहे.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी एखाद्या लाडक्या गाडीचा टप निघाल्याची बातमी आली आणि तळपायाची आग मस्तकात गेली, तर तीन प्रश्न स्वतःला विचारून बघा. उघडा टप पायात धरला होता की माळ्यावर चढवला? जे गेलं ते मोजता येणारं आहे की मनातलं? आणि राग गाडीवर आहे की ती घेणाऱ्यावर? पहिल्याचं उत्तर "माळ्यावर" असेल तर खुशाल तुटून पडा, मीही येतो. दुसऱ्याचं "मनातलं" असेल तर तसंच सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि तिसऱ्याचं उत्तर "घेणाऱ्यावर" असेल, तर जवळपास कुणी आजोबा टप उघडा टाकून निघालेत का बघा आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसा. पाऊस नसेल तर.